मधले नऊ पॉइंट दोन

ही गोष्ट सांगायची मी कितीतरी वर्षं टाळली. कधी वेळ नाही म्हणून, कधी आता सांगून काय उपयोग म्हणून, आणि खरं म्हणजे लाज वाटते म्हणून. आता मी सत्त्याहत्तर वर्षांचा आहे, टाळायलाही फारसे दिवस उरलेले नाहीत. तेव्हा सरळच सांगतो. माझ्या साडभावाइतकी रिकाम्या जागेवर माया करणारा माणूस सौसर तालुक्यातच काय, साऱ्या मध्य प्रदेशात दुसरा झाला नसेल. रिकामी जागा म्हणजे प्लॉट नव्हे. प्लॉटकडे त्यानं जन्मात ढुंकून पाहिलं नाही. मी म्हणतो ती कॉम्प्युटरच्या सी ड्राइव्हमधली रिकामी जागा. ती एक जीबीनं वाढली की त्याला नातू झाल्यासारखा आनंद व्हायचा, आणि ती खाली उतरून तिथली पट्टी लाल झाली की घरात कुणी आजारी असल्यासारखा तो दबक्या आवाजात बोलायचा.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मी पांढुर्ण्याला, तो सौसरला. मी शाळेत गणिताचा मास्तर, तो नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीवर ऑपरेटर. टाकीखाली एक पाटी टांगलेली असायची. ड्यूटी सोडताना तिच्यावर खडूनं तीन आकडे लिहायचे: आलो तेव्हा पाणी किती होतं, मी किती चढवलं, जाताना किती आहे. तीस वर्षं त्यानं हे तीन आकडे लिहिले. निवृत्त होताना सत्काराला शाल आणली, तर हा म्हणाला, "शाल राहू द्या, ते पाटी देता का?" लोकांना वाटलं, थट्टा करतो. पण ती पाटी त्यानं खरंच घरी नेली आणि दाराशेजारी खिळ्याला अडकवली. पुढे मुलीनं त्याला जुना कॉम्प्युटर दिला आणि महिन्याभरात सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली. कुणीतरी सांगितलं, फॉरमॅट मारून टाका. हे त्याला फार लागलं. "टाकीत कचरा पडला म्हणून टाकी पाडते का कोनी?" असं तो मला चार दिवस फोनवर विचारत होता. मग वही घेऊन बसला, याला विचार, त्याला विचार, असं करत तो शिकला, आणि एके दिवशी पाटीवर आकडा उमटला. आज मोकळी: १७.३.

तेव्हापासून तो आकडा रोज सकाळी आंघोळीनंतर आणि चहाच्या आधी लिहिला जाऊ लागला. शेजारच्या घरी मुलगी पाहायला आलेले पाहुणे चुकून याच्या दारात थांबले आणि पाटी वाचून "इथं काही विकायचं आहे का?" असं विचारते झाले. फोन करून मी म्हणावं, "काय साडभाऊ, बरं आहे ना?" तर उत्तर यायचं, "बरं हाय गुरुजी. सतरा पॉइंट तीन." बायकोला ताप आला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "किती आहे?" तेव्हाही म्हणे यानं आधी सी ड्राइव्हचाच आकडा सांगितला. हे मात्र माझी मेव्हणी सांगते आणि ती थोडं वाढवून सांगते.

या विषयातलं त्याचं शास्त्र सगळं घराच्या भाषेतलं होतं. डाउनलोड म्हणजे ओसरी, ज्यानं यावं त्यानं आपली पिशवी ठेवून जावी आणि परत न्यायला कधी येऊ नये. टेंप, म्हणजे तात्पुरत्या फायलींचं फोल्डर, हा उकिरडा. डी ड्राइव्ह म्हणजे पाहुण्यांची खोली. "सारे जन सी मधी मांडीले मांडी लावून बसून राहिले, अन् डी ले कुलूप. पाहुना कधी येनार हाय देव जाने!" डेस्कटॉपवरच्या वस्तू सी ड्राइव्हमध्ये मोजल्या जातात, हे लोकांना पटायचं नाही. तो विचारायचा, "तुमचं अंगन घरात मोजता का शेजाऱ्याच्या?" आणि कचऱ्याची टोपली रिकामी करायच्या आधी तो घरातल्या सगळ्यांना बोलावून, हात पुसायला लावून, पडद्यासमोर उभं करायचा. "एकदा पाहून घ्या बा साऱ्यांनी. मंग म्हनू नका." लोक चक्क टोपलीचं दर्शन घेऊन जायचे. एका म्हातारीनं तर हातही जोडले होते.

पण त्याचा सगळ्यात मोठा नियम एकच. विचारल्याशिवाय काहीही पुसायचं नाही. प्रत्येक फाइल उघडायची, मालकाकडे मान वळवायची आणि म्हणायचं, "हे लागते का?" हो म्हणाला तर राहू द्यायची. नाही म्हणाला तर आणखी एकदा विचारायचं. ही सवय इतकी मुरली की जेवताना ताटात शेवटचा घास राहिला की मेव्हणीकडे पाहून म्हणायचा, "हे लागते का?" बोरगावला संत्र्याची रोपवाटिका चालवणारा एक जण होता. त्याच्या कॉम्प्युटरवर नुसते रोपांचे फोटो, हजारांनी. मी त्या दिवशी साडभावाबरोबर गेलो होतो, म्हणून ऐकलं.

"हे रोप लागते का?"

"लागते."

"हे?"

"ते मेलं."

"मंग पुसू?"

"नोको ना बा. मेलं म्हनून तं फोटो पायजे."

साडभावानं बटणावरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाला, "बराबर हाय," आणि त्यानं ती सगळी मेलेली रोपं एका वेगळ्या फोल्डरमध्ये नीट लावून, उचलून पाहुण्यांच्या खोलीत नेऊन ठेवली. त्यात दुपार गेली. निघताना खिशातून कागदाचा चिटोरा काढून त्यावर तीन आकडे लिहिले, आलो तेव्हा किती, मी किती मोकळी केली, शेवटी किती, आणि कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण उघडून आतल्या बाजूला गोंदानं चिकटवला. "तिथं कोन पाहाते?" मी विचारलं. तो म्हणाला, "कोनी नाई पाहात गुरुजी. टाकीवर बी कोनी नव्हतं पाहात."

आता माझ्याविषयी. शाळेनं पाठवलेलं कॉम्प्युटरचं प्रशिक्षण मी केलं होतं. प्रमाणपत्र काचेत बसवून भिंतीवर लावलेलं होतं. आमच्या गल्लीत पहिला कॉम्प्युटर माझ्या घरी आला. तरी आमच्याच गल्लीतल्या लोकांची पट्टी लाल झाली की ते माझ्या दारावरून जात बस स्टँडवर उभे राहायचे, सौसरहून येणाऱ्या माझ्या साडभावाची वाट पाहत. मी त्याच्यावर जळत होतो. त्याच्या केसांवर जळत होतो, ते साठीतही काळे होते. त्याच्या पचनावर जळत होतो, तो तिखट सावजी रस्सा ओरपून ढाराढूर झोपायचा. त्याच्या अक्षरावर जळत होतो, कारण टाकीवाल्याचं अक्षर मास्तरापेक्षा चांगलं असावं याला काही अर्थ नाही. आणि सगळ्यात जास्त याच्यावर, की "मले नाई समजत, पाहून सांगतो" हे वाक्य तो भर दहा माणसांत हसत म्हणायचा. मला ते वाक्य चाळीस वर्षांच्या नोकरीत एकदाही म्हणता आलं नाही. माझी पट्टी लाल झाली की माझी बायकोही मला न विचारता सौसरला फोन लावायची. "भाऊजी, आमचा कॉम्प्युटर पुन्हा गच्च झाला जी. हे? हे बसले ना त्याच्याकडं पाहात."

आमचे सासरे रामाकोन्याचे. त्यांना ऐंशी वर्षं पूर्ण झाली तेव्हा घरी मोठा कार्यक्रम झाला. माझ्या मुलानं पुण्याहून नवा कॅमेरा आणला होता, त्यानं सगळं चित्रीकरण केलं. जेवणं झाल्यावर सासरे दोन शब्द बोलायला उठले. आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होते, पण थांबेनात. बगीचा, बैल, बायको, सगळ्यांचं झालं आणि गाडी जावयांवर आली. "माहे दोन जवाई," ते म्हणाले. "एक हुशार हाय. अन् एक कामाचा हाय." मांडव हसून हसून फुटायची वेळ आली. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो. साडभाऊ मात्र हसला नाही. तो खाली पाहत पत्रावळी उचलायला लागला, म्हणजे पुन्हा कामाचाच ठरला.

ते वाक्य मग घरभर फिरलं. बल्ब बदलायला मी स्टुलावर चढलो की बायको म्हणायची, "उतरा, तुमी हुशार हा." आणि तो व्हिडिओ होता माझ्याच कॉम्प्युटरवर, कारण एवढी मोठी फाइल मावेल असा कॉम्प्युटर माझाच होता. मुलानं कॅमेऱ्यातून काढून तो माझ्या डेस्कटॉपवर ठेवला, 'बाबा ८०' असं नाव दिलं, कॅमेऱ्याचं कार्ड मोकळं केलं आणि तो पुण्याला गेला. रोज कॉम्प्युटर लावला की सासरे त्या खुणेआड उभे आहेत आणि कोणत्याही क्षणी ते वाक्य म्हणतील असं मला वाटायचं.

पुढच्या पोळ्याला साडभाऊ आणि मेव्हणी आमच्याकडे आले. दुसऱ्या दिवशी गोटमार, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून दोन गावांनी एकमेकांना दगड मारायचे. आमच्या गावात त्या दिवशी बाजार बंद, रस्ते बंद, पाहुणा अडकला तर अडकला. जाम नदीकडून सकाळपासून गलका ऐकू येत होता, आणि सावरगावची माणसं पुढे सरकली की पांढुर्ण्याची, हे पाहायला सगळे छपरांवर चढले होते. साडभाऊ छपरावर गेला नाही. तो माझ्या कॉम्प्युटरपुढे बसला. "एक पॉइंट नऊ?" आकडा पाहून त्यानं कपाळावर हात मारला. "गुरुजी, ह्याले श्वास घ्याले बी जागा नाई ठेवली तुमी!" सकाळभर त्यानं मला शेजारी बसवून एकेक फाइल विचारली. सुप्रभातचे फुलांचे फोटो, एकाच लग्नाच्या पाच पत्रिका, मी एकदा उतरवून घेतलेली आणि न वाचलेली आरोग्याची पुस्तकं. "हे लागते का? नक्की? मंग म्हनू नका." 'बाबा ८०' वर बाण आला तेव्हा त्यानं विचारलंसुद्धा नाही. नुसतं हसून पुढे सरकला.

दुपारी बायकोनं त्याला चहाला बोलावलं. तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि मला तिचा आवाज ऐकू आला. "तुमी हा म्हनून चालते भाऊजी. नाई तं आमच्या घरी काय, हुशार मानूस हाय!" मेव्हणी खळखळून हसली. तोही थोडासा हसला असावा, मला नक्की सांगता येत नाही. मी त्याच्या खुर्चीवर बसलो. ती अजून गरम होती. 'बाबा ८०' वर बाण टेकवला आणि टोपलीत न जाता कायमचं पुसलं जाईल अशी दोन बटणं दाबली. ती मला प्रशिक्षणातच शिकवली होती. यंत्रानं विचारलं, नक्की पुसायचं का. बघा, त्यानंही विचारलं. मी हो म्हणालो. पट्टी लालची निळी झाली आणि मला इतकं बरं वाटलं की मी उठून खिडकीतून गोटमारीचा गलका ऐकत उभा राहिलो. तिकडे नदीवर माणसं एकमेकांसमोर उभी राहून, तोंड न लपवता दगड मारत होती. मी घरात, पाठीमागून मारला होता.

साडभाऊ मिशा पुसत आला, बसला आणि आकड्याकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा पाहिलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई नाई," तो म्हणाला. "बम्म जागा झाली."

मग तो आणखी तासभर काहीतरी खटपट करत राहिला. त्याच्या कानशिलावर घाम आला होता. मला वाटलं, उरलेलं काम उरकतो आहे. शेवटी त्यानं चिटोरा लिहिला, आत चिकटवला, झाकण लावलं आणि म्हणाला, "चला, वर जाऊ. कोन जिंकून राहिलं पाहू."

त्याच हिवाळ्यात सासरे गेले. तेराव्याला रामाकोन्याला सगळे जमले होते. पंगत चालू असताना कुणीतरी म्हणालं, बाबांचा तो व्हिडिओ आणा ना एकदा, आवाज तरी ऐकू. सासूबाई एका कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. "हो. त्याच्यात तं त्यायचा आवाज हाय ना." सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, तो आता नाही. "नाही म्हणजे?" मी म्हणालो, "पोळ्याला साफसफाई झाली होती, तेव्हा..." आणि थांबलो. मी खोटं बोललो नाही. मी अर्धं वाक्य बोललो. उरलेलं अर्धं पंगतीनं आपापल्या मनात पुरं केलं आणि सगळ्यांच्या नजरा माझ्यावरून उठून साडभावावर गेल्या. तो वाढत होता. त्याच्या हातात कढीची बादली होती. त्यानं ती खाली ठेवली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सासूबाईंना म्हणाला, "माह्याच हातून गेलं असन, माय."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यानं बादली उचलली आणि पंगत पूर्ण केली.

त्या दिवसानंतर त्यानं कुणाच्याही कॉम्प्युटरला हात लावला नाही. कुणी बोलावलं की म्हणायचा, "नाई बा, माहा हात आता बराबर नाई राहिला." पुढे पुढे बोलावणंही थांबलं. सासऱ्याचा आवाज पुसणारा जावई म्हणून तो रामाकोन्यापासून बोरगावपर्यंत ओळखला जाऊ लागला. दाराशेजारची पाटी त्यानं उलटी करून टांगली. फोनवर मी विचारावं, "बरं आहे ना?" तर नुसतं "बरं हाय" यायचं. पुढचा आकडा येत नसे. आणि गल्लीतले लोक माझ्याकडे येऊ लागले! इतकी वर्षं ज्यासाठी जळलो, ते मिळालं. पहिल्याच घरी एका बाईंनी माझ्यापुढे त्यांचा कॉम्प्युटर उघडला, नातवाच्या बारशाच्या फोटोवर माझा बाण थांबला, आणि 'हे लागते का' हे तीन शब्द काही माझ्या तोंडून निघेनात. पोटात दुखतं म्हणून सांगून मी घरी आलो. मग कुठे गेलो नाही.

यानंतर काही वर्षं गेली. मध्यंतरी पांढुर्णा जिल्हा झाला. त्या दिवशी खरं तर मला केवढा आनंद व्हायला हवा होता, सौसर आता आमच्या जिल्ह्यात! पण झाला नाही. एकदा कॉम्प्युटर फार आवाज करतो म्हणून धूळ काढायला मी कॅबिनेटचं झाकण उघडलं. आत त्याच्या सुंदर अक्षरातले चिटोरे एकाखाली एक चिकटवलेले होते. सगळ्यात शेवटचा त्या गोटमारीचा. आलो तेव्हा १.९. मी मोकळी केली ४.२. शेवटी १५.३. इतर चिटोऱ्यांवर पहिल्या दोन आकड्यांची बेरीज तिसऱ्याशी जुळत होती. या एका चिटोऱ्यावर त्यानं चौथी ओळ लिहिली होती. मधले ९.२, आणि पुढे एक रेघ. रेघेपुढे काही नाही. नाव लिहायला सोडतात तशी कोरी जागा.

मी आयुष्यभर वजाबाकी शिकवली आहे. ती वजाबाकी मला करता येत नव्हती असं नाही. मी ती करत नव्हतो. तो मात्र चहा पिऊन आला त्याच क्षणी करून बसला होता. तासभर घाम गाळून तो माझ्यासाठी पुसलेलं परत आणता येतं का ते पाहत होता. कढीची बादली खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं तेव्हाही त्याला माहीत होतं. ती रेघ तो भर पंगतीत भरू शकला असता. त्यानं तिथं स्वतःचं नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी सौसरला गेलो. चिटोरा खिशात होता. वाटेत बोलायचं वाक्य मी इतक्यांदा घोकलं की शेजारचा माणूस दुसऱ्या सीटवर जाऊन बसला. साडभाऊ दारातच होता. केस पांढरे झाले होते. "या या, जिल्ह्याचे भाऊ!" असं म्हणून हसला. "आता आमी तुमच्या राज्यात. काई काम असलं तं पांढुर्ण्याले यावं लागते, बसचं भाडं तुमी द्या." मेव्हणीनं चहा केला. त्यानं संत्री सोलून माझ्यापुढे ठेवली. बगीच्याचं बोलणं झालं, पावसाचं झालं, गुडघ्यांचं झालं. कोपऱ्यात कॉम्प्युटरवर कापड झाकलेलं होतं. मेव्हणी आत गेली तेव्हा मी खिशात हात घातला आणि चिटोरा बाहेर काढला. तो काढला, पण वाक्य निघेना.

त्यानं चिटोऱ्याकडे पाहिलं. आपलं अक्षर ओळखलं. मग मान वळवून, पूर्वी मालकाकडे बघायचा तसंच माझ्याकडे पाहून, अगदी हळू म्हणाला,

"हे लागते का?"

मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. त्यानं नियमाप्रमाणे पुन्हा विचारलं. मी भिंतीकडे पाहत राहिलो. तेव्हा त्यानं तो कागद माझ्या हातातून घेतला, नीट घडी केली आणि माझ्या वरच्या खिशात ठेवून खिसा थोपटला. "राहू द्या मंग, गुरुजी," तो म्हणाला. "विचारल्याशिवाय पुसत नाई मी." आणि उठून चपला घालत म्हणाला, "चला, बस निघून जाईन." स्टँडपर्यंत तो माझी संत्र्यांची पिशवी घेऊन आला. बस हलली तरी मी खिडकीशी तोंड उघडून बसलो होतो. त्याला वाटलं, मी काही विसरलो. तो चार पावलं बसबरोबर चालत आला.

उन्हाळ्यात तो गेला. झोपेत गेला, त्याचं झोपेचं नशीब शेवटपर्यंत चांगलं. पाटी मेव्हणीनं मला दिली. "तुमाले आवडत होती ना भाऊजी?" ती म्हणाली. मला ती कधीच आवडली नव्हती. आता ती आमच्या दाराशेजारी आहे आणि मी रोज आंघोळीनंतर, चहाच्या आधी, तिच्यावर आकडा लिहितो. आज दोन पॉइंट सहा आहे, पट्टी लाल आहे, आणि कुणाला बोलवावं हे समजत नाही. सासूबाई अजून आहेत, त्यांना कमी ऐकू येतं. बायकोला आणि मेव्हणीला हे इथेच वाचून कळेल. त्यांना जे म्हणायचं ते त्या म्हणतील. पण सौसरच्या बसमध्ये घोकलेलं ते वाक्य ज्याच्यासाठी होतं, त्याला ते मिळालं नाही. लांबलचक नव्हतं. स्टँडवर, बस हलायच्या आत सहज म्हणून झालं असतं.

साडभाऊ, ते मधले नऊ पॉइंट दोन माहे होते. माफ करजो.